दुसरा वस्ताद

मागच्या महिन्यात दोन दिवस घरी, अमरावतीला गेलो होतो. राजकमल चौकात चहा पिताना जुन्या क्लॅनमधला एक गडी भेटला. मूळचा अकोल्याचा, आता कामाला अमरावतीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघांनी मिळून पबजीचा क्लॅन काढला होता. सुरुवातीला चार जण, दोन महिन्यांत बावीस. दहा अमरावतीचे, दहा अकोल्याचे आणि दोघं मूर्तिजापूरचे (ते नेमके कुठल्या बाजूचे, यावर रोज भांडण!).

गप्पा निघाल्यावर मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं, "सरकारनं बॅन केलं नसतं ना, तर आपला क्लॅन आज कुठल्या कुठे असता."

त्यानं कप खाली ठेवला. "बॅन तं मंग झाला बे. क्लॅन त्याच्या पंधरा दिवस आधीच बंद पडला होता. तू नोकरीवर लागला, अन् रूम लावाले कोनीच नव्हतं."

घरी येऊन जुने मेसेज वर सरकवत सरकवत पाहिले. खरं होतं. पबजीवर बंदी आली २ सप्टेंबर २०२० ला. आमची शेवटची कस्टम रूम झाली १६ ऑगस्टला, रविवारी. दुसऱ्या दिवसापासून माझं घरून काम सुरू झालं, रात्री दहाला कॉल असायचे, आणि दहाचीच वेळ आमच्या सरावाची होती. त्यानंतर ग्रुपवर नुसतं "आज आहे का?", "आज आहे का?" आणि मग तेही नाही. रूम कार्डं माझ्या खात्यावर, कोणाला कोणाबरोबर खेळवायचं ते माझ्या डोक्यात, कोणाचं नेट कधी जातं तेही माझ्याच डोक्यात. मी उठलो, दुकान बंद. आणि इतकी वर्षं मी बिल सरकारच्या नावावर फाडत होतो!

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात बसला होता. खेळणाऱ्यांचा संघ काढणं सोपं आहे, तो वाढवणंही तितकं अवघड नाही. मग काही संघ शंभर वर्षं कसे चालतात आणि काही एका माणसाच्या शिफ्टमध्ये कसे मरतात?

आधी जरा मागे जाऊ. बरंच मागे. नाशिकला.

पांडवलेण्यांमधल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यात त्यानं लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापणं ठेव म्हणून ठेवल्याचं लिहिलंय. ठेवली कुठे? राजाच्या खजिन्यात नाही, कुठल्या सावकाराकडे नाही. गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे त्या काळचं गिल्ड. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना वर्षाला बारा-बारा कार्षापणं वस्त्रासाठी द्यायची. हिशोब करून बघा: २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले वीस, बरोबर बारा. एवढा चोख हिशोब दगडात कोरलेला पाहून कुठल्याही इंजिनीअरला भरून येईल. :)

पण खरी गंमत पुढे आहे. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, अशी ती कायमची ठेव होती. म्हणजे राजाच्या जावयाला खात्री होती की आपण जाऊ, सासरा जाईल, राज्यही जाईल कदाचित, पण हे कोष्टी असतील. नेमका अमुक कोष्टी नव्हे, कोष्ट्यांची श्रेणी. का? कारण श्रेणीत बाप मुलाला आणि वस्ताद शिकाऊ पोराला मागावर बसवत असतो. माणसं बदलतात, माग चालू राहतो. गिल्डची खरी व्याख्या मला इथे सापडली: जिथे आजच्या माणसाला बाजूला काढलं तरी उद्याचं काम होतं, ते गिल्ड.

आता एकदम १९९७. अल्टिमा ऑनलाइन नावाचा गेम आला, पाठोपाठ मार्च १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट. हजारो लोक एकाच आभासी जगात. एव्हरक्वेस्टमधले मोठे ड्रॅगन एकट्या-दुकट्याच्या बापाला मरत नसत, त्याला डझनावारी माणसं लागत. मग गिल्ड आलीच. पण ड्रॅगन मेला की त्याच्या अंगातून निघणार दोन-चार वस्तू आणि मारणारे चाळीस-पन्नास. वाटणी कशी करायची? आपल्याकडे शेताच्या वाटणीत जे होतं ते तिथेही व्हायला लागलं. यावर 'आफ्टरलाइफ' नावाच्या गिल्डमधल्या थॉट या खेळाडूनं १९९९ मध्ये एक तोडगा काढला: 'ड्रॅगन किल पॉइंट्स', थोडक्यात डीकेपी. मोहिमेला आलात की पॉइंट जमा, वस्तू घेतली की पॉइंट वजा. सरळ रोजंदारीचं हजेरीपुस्तक! पुढे हीच पद्धत थोड्याफार फरकानं जगभरच्या गिल्डांनी उचलली.

नोव्हेंबर २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला. त्यात गिल्ड काढायला आधी एक सनद विकत घ्यावी लागे आणि तिच्यावर आणखी नऊ खेळाडूंच्या सह्या गोळा कराव्या लागत. म्हणजे सहकारी संस्था नोंदवण्यासारखंच. लोक चौकात उभे राहून चार पैसे देऊन सह्या मिळवत (हेही सहकारासारखंच, असो). मोठ्या मोहिमांना ४० माणसं लागत. चाळीस माणसं एका वेळी जमवायची तर यादीत साठ-सत्तर हवीत. कोणाची परीक्षा, कोणाचं बाळ रडतंय, कोणाची वीज गेली. ज्यांनी हे केलं त्यांना मी मनापासून हात जोडतो. मला बावीस सांभाळताना घाम फुटला होता.

पण डीकेपीमध्ये एक खोट होती. वाटणीचा प्रश्न सुटला, शिकवण्याचा नाही. जुन्या खेळाडूंकडे पॉइंटांचा ढीग, नव्याकडे शून्य. नव्यानं सहा महिने नुसतं हमाली करायची आणि वस्तू जुन्यानं न्यायची. हजेरीला पैसे होते, नव्याला सोबत घेऊन डाव समजावून सांगण्याला काहीच नव्हतं. मग नवा निघून जाई, जुना एक दिवस कंटाळे, आणि चाळीसचे अडतीस झाले की मोहीम बंद. जानेवारी २००७ मध्ये कंपनीनं नव्या आवृत्तीत मोठ्या मोहिमा ४० वरून २५ वर आणि छोट्या १० वर आणल्या, तेव्हा अनेक गिल्डांना प्रश्न पडला की उरलेल्या पंधरांचं काय करायचं. ज्यांच्याकडे दुसरी टोळी चालवू शकेल असा दुसरा माणूस होता त्यांनी दोन टोळ्या केल्या. ज्यांच्याकडे नव्हता, तिथे भांडणं झाली.

सगळ्यात भारी किस्सा ईव्ह ऑनलाइनचा. अवकाशातला गेम, २००३ पासूनचा. त्यात 'बँड ऑफ ब्रदर्स' नावाची आघाडी होती. सगळे कसलेले, निवडून घेतलेले, महागडी जहाजं बाळगणारे. त्यांच्यासमोर 'गूनस्वॉर्म'. हे लोक काल गेममध्ये आलेल्या पोरांनाही घ्यायचे, हातात स्वस्तातली छोटी जहाजं द्यायचे आणि झुंडीनं लढायला पाठवायचे. मेलात? हे घ्या दुसरं जहाज. फेब्रुवारी २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्सचाच एक नाराज संचालक गूनस्वॉर्मला जाऊन मिळाला आणि जाताना त्यानं हातातले अधिकार वापरून आख्खी आघाडीच विसर्जित करून टाकली. वर्षानुवर्षं उभं केलेलं साम्राज्य, एका माणसाच्या काही क्लिकमध्ये साफ.

इथे गोष्ट संपली असती तर 'नव्यांना घ्या, जिंकाल' असं तात्पर्य काढून मी मोकळा झालो असतो. पण पुढच्याच वर्षी, २०१० च्या सुरुवातीला, गूनस्वॉर्मचाही प्रदेश गेला. कशानं? लढाई हरले म्हणून नव्हे. प्रदेश राखायला गेममध्ये ठरावीक भाडं भरावं लागायचं आणि ते प्रमुखाकडून भरायचं राहून गेलं! एवढे हजारो लोक, नव्यांना शिकवणारे, उत्साही, पण तिजोरीची किल्ली एकाकडे. हे वाचलं तेव्हा मला माझी रूम कार्डं आठवली आणि हसूही येईना.

आता या सगळ्याचा अमरावतीशी काय संबंध? सांगतो.

त्या चहानंतर घरी जाताना हनुमान व्यायाम प्रसारक मंडळावरून गेलो. अमरावतीच्या माणसाला हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. कोणी हव्याप्र म्हणतं, कोणी एच.व्ही.पी.एम. लहानपणापासून इतक्या वेळा तिथून गेलोय की ते कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे, हासुद्धा खेळणाऱ्यांचा क्लॅनच की! आणि १९१४ पासून चालू आहे.

१९१४ ची अमरावती डोळ्यांपुढे आणा. कापसाचं गाव, वकिलांचं गाव. १८९७ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन झालेलं. दादासाहेब खापर्ड्यांसारखे टिळकांचे जिवलग इथले. त्या वर्षी जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटून आले आणि ऑगस्टमध्ये युरोपात महायुद्ध भडकलं. याच वर्षी अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या दोघा भावांनी अमरावतीत हनुमानाच्या नावानं व्यायामाचा क्लब सुरू केला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, दांडपट्टा असल्या देशी प्रकारांचा.

यात तेव्हा नवल काही नव्हतं. गावोगावी आखाडे होतेच. मल्लखांबाची परंपरा तर दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभट देवधरांपर्यंत सांगितली जाते. पण आखाड्यांची एक जुनी सवय असते. आखाडा वस्तादाचा असतो. वस्ताद आहे तोवर माती उकरली जाते, वस्ताद गेला की काही वर्षांत तिथे गवत. आणि वस्ताद शिष्याला सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो, असं आपल्याकडे म्हणतातच. मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, फक्त झाडावर चढणं शिकवलं नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. लहानपणी ऐकताना मांजर हुशार वाटते. क्लॅन बुडवल्यावर मात्र त्या गोष्टीची दुसरी बाजू दिसायला लागते. मांजर वाचली खरी, पण झाडावर चढण्याचं ज्ञान मांजरीबरोबरच राहिलं.

वैद्य बंधूंच्या क्लबनं इथे वळण घेतलं. १९२४ पासून त्यांनी शारीरिक शिक्षणाचे उन्हाळी वर्ग सुरू केले. हे वर्ग पैलवान घडवण्यासाठी नव्हते, शिकवणारे घडवण्यासाठी होते. उन्हाळ्यात शाळांना सुट्टी, मास्तर मंडळी मोकळी. बाहेरगावाहून यायचं, शिकायचं आणि परत जाऊन आपल्या गावात, आपल्या शाळेत शिकवायचं. नावातच बघा, 'प्रसारक' मंडळ. व्यायाम करणारं नव्हे, पसरवणारं.

मला हा निर्णय फार मोठा वाटतो, आणि तो का मोठा हे आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. पैलवान घडवायचा असेल तर वस्तादानं समोर उभं राहून दाखवलं तरी भागतं. पण शिकवणारा घडवायचा तर डाव राखून ठेवता येत नाही. प्रत्येक डावाला नाव द्यावं लागतं. आधी काय, मग काय, हा क्रम लावावा लागतो. कमी ताकदीच्या पोराला कुठून सुरू करायचं, पोरगं पडलं तर काय करायचं, पन्नास पोरं एका मैदानावर कशी उभी करायची, हे सगळं सांगता येईल अशा शब्दांत आणावं लागतं. थोडक्यात, वस्तादाच्या डोक्यातलं बाहेर काढावं लागतं. आम्ही ज्याला डॉक्युमेंटेशन म्हणतो आणि कायम पुढच्या आठवड्यावर ढकलतो, ते!

तेव्हा हे वारं एकट्या अमरावतीत नव्हतं. हुतूतू घ्या. गावागावाला वेगळे नियम, संजीवनी, गामिनी, अमर असे वेगळे प्रकार. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की आधी नियमांवरून भांडण, मग खेळ. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं नियम छापले आणि त्यावर सामने भरवले. खेळ गावाच्या बाहेर पडायचा तर कुणीतरी बसून नियम लिहायला लागतात.

मग आलं १९३६. बर्लिन ऑलिम्पिक. ध्यानचंदांच्या संघानं १५ ऑगस्टला जर्मनीला ८-१ हरवून हॉकीचं सुवर्ण जिंकलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हव्याप्र मंडळाचा चमू बर्लिनला गेला होता आणि त्यांनी कबड्डीसकट आपले देशी खेळ तिथे करून दाखवले, हे मात्र अमरावतीबाहेर फार कमी लोकांना ठाऊक असतं. वऱ्हाडातल्या एका आखाड्यातून निघालेली पोरं, बर्लिनमध्ये! क्लब काढून फक्त बावीस वर्षं झाली होती.

इथे थोडं थांबायला हवं. ते ऑलिम्पिक नाझी राजवटीच्या दिमाखाचा तमाशाही होतं, आणि बलदंड शरीरांचं कौतुक तिथे कुठल्या टोकाला गेलं ते जगानं पुढच्या नऊ वर्षांत पाहिलं. म्हणून बर्लिनचं कौतुक ऐकताना मी थोडा सांभाळूनच ऐकतो. पण गिल्डच्या दृष्टीनं माझा प्रश्न वेगळा आहे. बर्लिन हा त्यांचा 'ड्रॅगन' होता. सगळ्यात मोठी मोहीम. ती झाल्यावर बहुतेक गिल्ड विरतात, कारण पुढे करायला काही उरत नाही. मंडळ विरलं नाही. कारण बर्लिनहून परत आल्यावरही पुढच्या उन्हाळ्यात वर्ग होताच. त्यांचं रोजचं काम ड्रॅगन मारणं नव्हतंच.

तो देशी खेळही वाढला. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिम्पिक स्पर्धांत कबड्डी आली, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ झाला आणि २०१४ पासून तर टीव्हीवर लीगच. हे सगळं अमरावतीनं केलं असं मी म्हणत नाही, कोणीच एकट्यानं केलेलं नाही. आणि तेच तर सांगतोय.

मंडळाचं पुढे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय झालं. पुढच्या पिढीतल्या प्रभाकरराव वैद्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आता तर मंडळाचं चक्क इंजिनीअरिंग कॉलेजही आहे. लाठी-लेझीमपासून कॉम्प्युटरपर्यंत! कोणी म्हणेल, अहो, वैद्य घराण्यानंच धरून ठेवलं म्हणून टिकलं, त्यात गिल्ड कसलं? प्रश्न रास्त आहे. घराण्याचा आधार होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसत्या घराण्यावर टिकत असतं तर गावोगावच्या वस्तादांच्या घराण्यांचे आखाडे आज भरलेले दिसले असते. उन्हाळी वर्गातून शिकून गेलेला मास्तर वैद्यांच्या घरातला नव्हता. त्याच्या गावातल्या पोरांसाठी वस्ताद तोच होता.

परत आमच्या क्लॅनवर येतो. पुण्याला परतताना बसमध्ये मी कागदावर यादी काढली, की ऑगस्ट २०२० मध्ये मी सोडून कोणाला काय येत होतं. रूम लावणं: कोणी नाही. जोड्या पाडणं: कोणी नाही. नव्याला पहिल्या दिवशी काय सांगायचं: कोणी नाही. मी कोणाला नाही म्हटलं नव्हतं, पण शिकवलंही नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. रात्री पावणेदहाला बावीस जण "भाऊ, रूम?" म्हणून विचारायचे ना, त्याची नशा होती. मी डाव राखून ठेवला होता, आणि तोही वाघाच्या भीतीनं नाही, नुसत्या मिजाशीनं.

अकोल्याच्या गड्याला फोन केला. पबजीची भारतीय आवृत्ती बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आली, जुलै २०२२ मध्ये काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परत आली, हे सगळं आम्ही दोघांनी वेगवेगळं बसून पाहिलं होतं. म्हणलं, परत सुरू करायचं का? बावीसपैकी नऊ जण तयार झाले. दोघांची लग्नं झालीत, एक जण दुबईला आहे, मूर्तिजापूरचे दोघं मात्र जसेच्या तसे.

"पन एक सांगतो," तो म्हणाला, "या वेळी रूम मी लावीन. अन् पुढच्या शनिवारी मूर्तिजापूरवाला. तुले काही विचारनार नाई."

आज शनिवार आहे. दहाला दहा मिनिटं कमी आहेत. वेळ काय ठरली, जोड्या कशा पाडल्या, मला काहीही माहीत नाही. दोनदा विचारायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

बघू जमतंय का.